उडालेला फ्यूज काय सांगतो



भाव, कर्ज, विमा, वीजबिल एवढे प्रश्न पुढ्यात असताना जिल्हा बैठकीच्या पत्रकात ट्रॅक्टरच्या वायरिंगवर कशाला लिहायचे, असे काहींना वाटेल. पण कोरडवाहू मुलखात आज जे जुने ट्रॅक्टर चालतात, बी-२७५, मॅसी १०३५, स्वराज ७२४, एचएमटी २५११, त्यांतल्या एकेकाच्या भरवशावर दहा-वीस घरांची नांगरणी, वखरणी आणि कापसाची वाहतूक असते. एचएमटीचा ट्रॅक्टर १९७१ साली आला. तो धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. कारखाना गेला, ट्रॅक्टर अजून शेतात आहे. लोखंड पक्के आहे. इंजिन, क्लच, हायड्रॉलिक ही कामे गावचा मिस्त्री बिनधास्त करतो. माणूस हात टेकतो तो वायरीपाशी.

त्याचे कारणही आहे. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते, पंप गिअरवर चालतो, बंद करायला ओढायची तार असते. त्यामुळे शॉर्ट झाला तरी नांगर थांबत नाही. मग आपण काय करतो? जी वायर त्रास देते ती तोडून टाकतो, ट्रॅक्टर रात्री उतारावर लावतो आणि सकाळी ढकलून चालू करतो. अशी चार-पाच वर्षे निघतात. एवढ्यात हेडलाइट गेलेला असतो, मागचा लाल दिवा गेलेला असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत कापूस भरलेली ट्रॉली अंधारात सडकेवरून जिनिंगकडे निघते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही. तो मोटारसायकलवाला बहुतेक आपल्याच पट्ट्यातला, आपल्यासारखाच शेतकरी असतो. शॉर्ट शोधणे हे हौसेचे काम नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

दुसरा धोका आगीचा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. पण तीच बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपियर देते. तेवढा प्रवाह एखाद्या बारीक वायरीतून थेट लोखंडात उतरला, तर वायर काही सेकंदांत लाल होते. वर डिझेलची नळी, मागे कापूस. हे होऊ नये म्हणून फ्यूज असतो. आणि आपल्याकडे फ्यूज उडाला की त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याच्या तारेचे दोन पदर बसवतात. फ्यूज उडणे म्हणजे पुढे कुठेतरी वायर लोखंडाला लागली आहे अशी वर्दी. वर्दी देणाऱ्याचेच तोंड बंद केले तर गुन्हेगार कसा सापडणार?

मी कृषी महाविद्यालयात शिकलो ते पिकांचे. तिथली एकच गोष्ट इथे लागू पडते. पऱ्हाटीची पाने लाल पडली की कोणी मॅग्नेशियम सल्फेट फवारतो, कोणी युरिया, कोणी तुडतुड्यांचे औषध, आणि दुकानदार तिन्ही एकत्र देतो. लाल्याची कारणे अनेक आहेत. पानाच्या मागे तुडतुडे आहेत का, ओल तुटली का, रात्री थंडी पडली का, हे पाहूनच औषध ठरवावे लागते. वायरीचेही तसेच. तालुक्याला गेलात की पहिले उत्तर मिळते, ‘पूर्ण वायरिंग बदला.’ कधी ते खरेही असते. वायरीचे कव्हर जागोजागी कडक होऊन फुटले असेल, बोटाने वाकवताच तुकडे पडत असतील, तर बदलाच; तिथे काटकसर नको. पण एका जागी घासलेल्या वायरीसाठी अख्खी वायरिंग बदलणे म्हणजे एका झाडावर मावा दिसला म्हणून सगळे शेत उपटणे.

शॉर्ट शोधायला महाग मीटर लागत नाही. २१ वॅटचा, इंडिकेटरला लागतो तो बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन हात वायर पुरते. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये हा बल्ब जोडा. आता कितीही शॉर्ट असला तरी बल्बातून सुमारे पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त प्रवाह जाणार नाही. वायर तापणार नाही, फ्यूज एकामागून एक जळणार नाहीत. मात्र त्या लाइनीवरचे दिवे आधी काढून घ्या. हेडलाइटचा बल्ब जागेवर असेल तर शॉर्ट नसतानाही आपला बल्ब चांगला पेटेल आणि तुम्ही फसाल. दिवे काढूनही बल्ब भक्क पेटला तर शॉर्ट आहे. मग त्या लाइनीच्या फांद्या एकेक सोडवत जा: आधी डावा हेडलाइट, मग उजवा, मग मागची लाइन. जी फांदी सोडवल्यावर बल्ब विझतो, रोग तिथे. फांदी सापडली की ती हाताने हलवत पुढे सरका. बल्ब फडफडतो ती जागा घासलेली.

ही जागा बहुतेक ठरलेल्या ठिकाणीच निघते. बॉनेट उघडते तिथला वाकण, रेडिएटरच्या कडेचा पत्रा, मडगार्डला पाडलेले भोक जिथला रबर कधीच गळून गेला आहे, पायदानाखालचा चिखल, ट्रॉलीचा सॉकेट. आणि उंदीर. ज्या खोपटात सरकीची पोती, त्याच खोपटात पावसाळाभर ट्रॅक्टर. उंदीर सरकीवर जगतो आणि वायरीवर दात घासतो. इंग्लिश घराण्याच्या गाड्यांत रंगांचा नियम असतो: तपकिरी वायर बॅटरीकडून आलेली, काळी अर्थची, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या व मागच्या दिव्यांची. पण गावात दोन दुरुस्त्या झाल्या की जी वायर दुकानात मिळाली तोच रंग. रंगावर विश्वास ठेवू नका, वायर धरून टोकापर्यंत जा.

हॉर्नची गोष्ट थोडी उलटी. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नचे बटन वायरीला अर्थ देते. त्यामुळे बटनाकडे जाणारी वायर स्टिअरिंगच्या नळीत घासली तर फ्यूज उडत नाही, हॉर्नच आपोआप ओरडू लागतो. हॉर्नच्या अलीकडची वायर घासली तर मात्र फ्यूज जातो. एवढे माहीत असले की अर्धा दिवस वाचतो.

काही शॉर्ट फ्यूज उडवत नाहीत, बॅटरी पितात. ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला की स्टार्टर उचलत नाही आणि आपण बॅटरीवाल्याला शिव्या देतो. अर्धा अँपियर जरी झिरपत असला तरी दिवसाला बारा अँपियर-तास जातात. ७५ अँपियर-तासांची बॅटरी आठवड्याच्या आत रिकामी. इथे चावी बंद करून बॅटरीची अर्थची तार सोडवा आणि तार व टोक यांच्यामध्ये तीन-पाच वॅटचा लहान बल्ब लावा. मोठ्या बल्बाला झिरप दिसत नाही. पेटला, मंद का होईना, तर झिरप आहे. आता पहिल्यांदा डायनॅमोची वायर सोडवून पाहा. कटआउटचे पॉइंट चिकटले की इंजिन बंद असतानाही बॅटरीचा प्रवाह उलटा डायनॅमोत जातो, डायनॅमो तापतो, आणि लोक वायरीत शॉर्ट शोधत बसतात. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असेल तर तिथला डायोड हेच काम करतो. या तपासणीत बल्ब लावलेला असताना स्टार्टर मारू नका. बॅटरीवर काम करताना अर्थची तार आधी काढायची आणि शेवटी लावायची, अंगठी आणि घड्याळ खिशात, बिडी दूर. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने उडतो. आपल्याकडे अर्थ बहुतेक ऋण टोकाला असतो, पण इंग्लंडच्या जुन्या फर्ग्युसनमध्ये धन टोक अर्थला असे, म्हणून आधी खात्री करा.

आणि दिवा लागत नाही म्हणजे शॉर्टच, असेही नाही. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा लुकलुकतो, हे अर्थ गेल्याचे लक्षण. बोल्टाखालचा रंग आणि गंज खरवडला की काम होते. त्याला वायरिंगचे पैसे मोजू नका.

स्टार्टरच्या जाड केबलला बहुधा कुठलाच फ्यूज नसतो. ती लोखंडाच्या कडेला टेकत असेल तर आजच तिच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून बांधा.

आता सभेपुढे ठेवण्यासारखी गोष्ट. हे ज्ञान गुप्त नाही, पण ते आपल्या भाषेत, आपल्या हातात पोचत नाही. वायरिंगचा नकाशा एका पानावर मावतो. ट्रॅक्टर विकताना तो मराठीत द्यावा, जुन्या मॉडेलांचा मागेल त्याला द्यावा, एवढी मागणी आपण विक्रेत्यांकडे लेखी करावी. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे तिच्या पहिल्या चार विषयांत होती. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०२३ साली केला, तो २०२४ च्या जानेवारीपासून लागू आहे. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीपासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले आणि त्यांत संगणकाने चालणारे इंधनाचे पंप आले. तिथे वायर तुटली तर इंजिनच थांबते, आणि दोष वाचायला कंपनीचे यंत्र लागते. आज साध्या बारा व्होल्टच्या वायरीचा नकाशा ज्याला मागता येत नाही, तो उद्या त्या यंत्राची चावी कोणत्या तोंडाने मागणार?

पुढच्या तालुका बैठकीत भाषणे संपल्यावर एक तास यासाठी ठेवावा असा माझा प्रस्ताव आहे. प्रत्येक गावातून एक तरुण, आणि चालवणारी असेल तर एक मुलगीही, पाठवावी. ज्यांचा ट्रॅक्टर फ्यूज उडवतो त्यांनी तो तसाच आणावा, वायरी तोडून आणू नये. बल्ब आणि होल्डर ज्याने त्याने घेऊन यावे. काम मृग लागण्याआधी व्हायला हवे. पेरणी सुरू झाली की कोणालाच वेळ नसतो.