हरकत आणि दुरुस्ती

निसर्गचित्र पुरे झाले, कोणा जाणत्याने दोष दाखविला, तो मनोमन पटलाही, तथापि दुरुस्ती करू जाता मूळचे होते तेही हातचे गेले, ही तक्रार आमच्या वाचक-चित्रकारांच्या पत्रांतून इतक्या वेळा येते की तिची दखल येथे घेणे प्राप्त आहे.

सॉल्सबरीचे बिशप जॉन फिशर यांच्या फर्माइशीवरून जॉन कॉन्स्टेबलने त्यांच्या बागेतून दिसणारे कॅथीड्रल रंगविले व १८२३ साली रॉयल अकॅडमीत मांडले. परंतु मनोऱ्यामागचा काळा ढग बिशपमहाशयांना रुचला नाही. निसर्गचित्रातील भावनेचे मुख्य अधिष्ठान आकाश होय, असे ज्याने दोनच वर्षांपूर्वी बिशपांच्या पुतण्यास पत्रातून कळविले होते, त्या चित्रकाराला ही हरकत किती झोंबली असेल! तरीही जुन्या ढगावर निळा रंग न फासता त्याने नवा कॅनव्हास घेतला, आणि नुसते आकाश निवळून न थांबता मनोऱ्यावर कमानीसारखी झुकलेली झाडेही दूर सारली. कारण आकाश उजळले की त्याखालच्या साऱ्या छायाप्रकाशाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. बिशप १८२५ साली निवर्तले. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातील हे दुसरे चित्र पुढल्या वर्षीचे. हरकत घेणारा जागा दाखवितो. दोषाची व्याप्ती किती, हे चित्रकारानेच शोधावयाचे असते.

तैलरंगात जुन्या थराचे उंचवटे चाकूने खरवडल्याविना वरून रंगवू नये, ते नव्या आकाशातून डोकावल्याखेरीज राहत नाहीत. शिवाय तैलथर कालांतराने अधिक पारदर्शक होत जातो, ही बाब निराळीच. जलरंगकारास एवढीही मुभा नाही: ओल्या कुंचल्याने थोडा रंग उचलता येतो, त्यापुढे कागदाचाच पोत जातो, सबब त्याने नवा कागद घ्यावा हे इष्ट.

वाईच्या घाटाचे आमचे एक तैलचित्र पाहून एक स्नेही म्हणाले, "पाणी वाहत नाही हो." तीन दिवस आम्ही पाण्याशीच झुंजलो, अखेर ते सारे खरवडून पूर्ववत केले, आणि मग कोठे ध्यानी आले की पलीकडच्या काठाची कड सुरीने कापल्यासारखी कठोर झाली आहे, ती तेवढी मऊ केली. आठवड्याने स्नेही पुन्हा आले, चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "पाणी मात्र छान सुधारलंत!"