हल्ली सगळ्यांनाच असतो म्हणे!

"हल्ली काय, सगळ्यांनाच एडीएचडी असतो!" हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात चार वेळा ऐकलं. दोनदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि एकदा लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढणाऱ्याची वाट बघताना. बोलणारे चारही जण शिकलेले, चांगल्या पगाराचे, आणि चौघांच्याही चेहऱ्यावर आपण काहीतरी फार मार्मिक बोलल्याचं समाधान. आज शनिवार आहे, वेळ आहे आणि हे वाक्य माझ्या डोक्यात गेलेलं आहे. तेव्हा मंडळी, आज यावरच.

आधी या लोकांचा मुद्दा नीट मांडू, उगाच अन्याय नको. किल्ल्या कोण विसरत नाही? कंटाळवाण्या मीटिंगमध्ये कोणाचं लक्ष उडत नाही? टॅक्सची कागदपत्रं शेवटच्या दिवशी कोण शोधत नाही? मग त्याला आजाराचं नाव कशाला?

ठीक. पण जिना चढल्यावर सगळ्यांचंच ब्लड प्रेशर वाढतं, म्हणून ब्लड प्रेशर हा आजारच नाही असं कोणी म्हणतं का? आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. कुठल्याही सर्व्हरच्या लॉगमध्ये दिवसाला दोन-चार एरर असतातच, त्यासाठी कोणी झोपेतून उठत नाही. पण तीच एरर रोज येत असेल, प्रत्येक मॉड्यूलमध्ये येत असेल, पहिल्या रिलीजपासून येत असेल आणि त्यापायी गिऱ्हाईक पळत असेल, तर "एरर काय सगळीकडेच असतात" म्हणणाऱ्या इंजिनियरला तुम्ही टीममध्ये ठेवाल?

गंमत म्हणजे डॉक्टर लोक जवळपास हेच विचारतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची 'डीएसएम' नावाची निदानाची पुस्तिका आहे, तिची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्यात लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. सतरा वर्षांवरच्या माणसात यातल्या निदान एका गटातली पाच तरी हवीत. ती सहा महिने टिकलेली हवीत. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली हवीत. घर आणि ऑफिस, अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यांनी माणसाचं खरोखर काहीतरी बिघडलेलं हवं. आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्यांचा जास्त चांगला खुलासा होत नसावा. या चाळणीतून 'सगळे' जात नाहीत हो. जगभरातल्या अभ्यासांतून मोठ्या माणसांतलं प्रमाण साधारण अडीच-तीन टक्के निघतं. दोनशे जणांच्या मजल्यावर पाच-सहा जण. सगळे नव्हेत. पण शून्यही नव्हेत, आणि ते पाच-सहा जण तुमच्या ओळखीचे आहेत.

कसे ओळखायचे? टेबलावर चढून उड्या मारणारं पोर डोळ्यांपुढे आणलंत तर कधीच ओळखू येणार नाहीत. मोठेपणी उड्या आत जातात. बाहेरून दिसतो तो हलणारा पाय, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत दिलेलं उत्तर. बँकेत पैसे असून लाइटबिल थकलेलं. दोन मिनिटांचा फॉर्म तीन आठवडे पडून, आणि त्या तीन आठवड्यांत रोज त्याची टोचणी. "निघालोच" म्हणून फोन ठेवला तेव्हा आंघोळ व्हायची आहे. इस्टिमेट दोन दिवसांचं, काम आठ दिवसांचं, दर वेळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली याला वेळेचं आंधळेपण म्हणतात: अशा माणसाला 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' एवढे दोनच काळ दिसतात. गुरुवारची डेडलाइन बुधवारी रात्री अकरा वाजेपर्यंत 'आत्ता नाही'मध्ये असते.

आणि हाच माणूस प्रॉडक्शन पडल्यावर रात्री दोन वाजता बर्फासारखा थंड डोक्याने सहा तास एका जागी बसून बग शोधून काढतो! मग मॅनेजर म्हणतो, "बघा, मनात आणलं की जमतं. म्हणजे एरवी हा मनात आणतच नाही."

इथेच घोळ आहे. 'लक्षाची कमतरता' हे नावच मुळात फसवं आहे. लक्ष कमी नसतं, लक्षाचं स्टिअरिंग हातात नसतं. आग लागली किंवा विषय आवडीचा निघाला की ते आपोआप लागतं, इतकं की जेवायची शुद्ध राहत नाही. पण 'महत्त्वाचं आहे म्हणून' ते लावता येत नाही. तुम्ही-आम्ही ज्याला इच्छाशक्ती म्हणतो तिच्या आणि कामाच्या मधली वायरच लूज आहे. आळशी माणूस सोफ्यावर पडून मजेत असतो. हा सोफ्यावर पडून स्वतःला शिव्या घालत असतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, हीच तर पंचाईत.

दुसरा लाडका आक्षेप: "अहो, दहावीला ९१ टक्के आहेत त्याला. त्याला कसला आलाय डिसऑर्डर?"

मंडळी, ते ९१ टक्के जरा उलगडून बघा. सकाळी उठवायला आई. डबा भरायला आई. क्लासला नेऊन सोडायला बाबा. रोज ठरलेलं वेळापत्रक, दर आठवड्याला टेस्ट, आणि वर्षाच्या शेवटी एक भलीमोठी डेडलाइन. त्या माणसाचं सगळं नियोजन बाहेरून होत होतं. हुशारीवर उरलेलं निभावलं. हॉस्टेलमध्ये पहिला तडा जातो, पण तिथेही 'नाइट मारणं' हा कौतुकाचाच विषय असतो. खरी कसोटी पुढे लागते. फ्लॅट, हप्ते, लग्न, मूल, आणि त्यात ऑफिसमध्ये प्रमोशन होऊन टीम लीड! म्हणजे ज्याला स्वतःचा फॉलोअप जमत नाही त्याने आता आठ जणांचा घ्यायचा. तिशीत माणूस 'अचानक' ढेपाळतो तो असा. आजार नवा नसतो. टेकू निघालेले असतात. डीएसएम बाराव्या वर्षाआधीची लक्षणं मागते, बाराव्या वर्षाआधीचं नापास होणं मागत नाही.

मुलींचं तर आणखी वाईट. खिडकीजवळच्या बाकावर बसून गुपचूप ढगांत हरवलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिला कोणी तपासायलाही नेत नाही. पुढे ती घर, ऑफिस, सणवार, सासरचे वाढदिवस हे सगळं तीन वह्या आणि चाळीस अलार्म लावून रेटते. थकून डॉक्टरकडे गेली की चिंता आणि नैराश्याची औषधं घेऊन येते. ती चिंता खोटी नसते. फक्त ती कशातून आली हे कोणी विचारलेलं नसतं.

"आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही," असं म्हणणाऱ्या काका मंडळींसाठी थोडा इतिहास. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश डॉक्टरने अशा मुलांचं वर्णन लंडनमधल्या व्याख्यानांत केलं १९०२ मध्ये. बेंझेड्रिनने अशी मुलं शाळेत स्थिरावतात हे चार्ल्स ब्रॅडली यांनी लिहिलं १९३७ मध्ये. डीएसएममध्ये 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव १९८० मध्ये आलं, १९८७ मध्ये त्याचं एडीएचडी झालं. काका, तुमच्या वेळी होतं. फक्त त्याचं नाव 'वाया गेलेला' असं होतं.

मी हे एवढ्या तावातावाने का लिहितोय? तर माझं स्वतःचं निदान अडतिसाव्या वर्षी झालं. मुलाला शाळेच्या सांगण्यावरून तपासायला नेलं होतं. डॉक्टरांनी प्रश्नावली भरायला दिली, मी मोठ्याने वाचत होतो आणि बायको म्हणाली, "अरे, हे त्याचं लिहितोयस की तुझं?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरी प्रश्नावली काढली. हा विकार जुळ्यांच्या अभ्यासांनुसार बराचसा आनुवंशिक असतो, सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात, त्यामुळे पोराच्या तपासणीत बाप सापडणं ही काही नवलाची गोष्ट नाही म्हणे. मग मला माझे बाबा आठवले. अर्धे उघडलेले रेडिओ, एकही पूर्ण न झालेला कोर्स, सहा नोकऱ्या, आणि "धरसोड वृत्तीचा माणूस" हा सगळ्या नातेवाइकांनी एकमताने दिलेला शिक्का. ते तो शिक्का घेऊनच गेले. माझ्या एका जुन्या कंपनीतल्या अप्रेझलमध्ये सलग तीन वर्षं 'सिन्सिॲरिटीचा अभाव' लिहिलेलं आहे. त्या तीन वर्षांत मी रोज सगळ्यात उशिरा घरी जात होतो, कारण दिवसाचं काम मला फक्त रिकाम्या ऑफिसात जमत होतं.

आता दुसऱ्या बाजूलाही हाणतो, नाहीतर एकतर्फी होईल. रील बघून "मलापण आहे ग" म्हणणारी जी जमात निघाली आहे, तीच त्या कॅन्टीनवाल्या वाक्याला दारूगोळा पुरवते. २०२२ मध्ये कॅनडात काही संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे शंभर सर्वांत लोकप्रिय व्हिडिओ तपासले, तर त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. नाणं टाकून बघण्याइतकाच भरवसा! "तुम्ही गाणं मनात घोळवता का? मग तुम्हाला एडीएचडी आहे!" अहो, मग लता मंगेशकरांच्या सगळ्या श्रोत्यांना आहे.

रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नसेल तर त्याला झोप न होणं म्हणतात. थायरॉइड, ॲनिमिया, झोपेतले श्वासाचे अडथळे, नैराश्य, दारू, या सगळ्यांत लक्ष उडतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं उत्तम होतं आणि नवीन बॉस आल्यापासून बिघडलं, तर तपासणी बहुधा बॉसची व्हायला हवी :) म्हणूनच 'कधीपासून?' हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

सुरुवात करायचीच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची प्रश्नावली आहे. त्यातले पहिले सहा प्रश्न चाळणीसाठी आहेत, पाच मिनिटं लागतात. पण ती फक्त चाळणी. निदान करतो तो मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, तुमच्याशी नीट बोलून. जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. गुण नव्हे, शेरे वाचायचे असतात. शक्य असेल तर तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस बरोबर न्या: आई, मावशी, मोठी ताई. आणि कोणी दहा मिनिटांत एडीएचडी 'आहे' म्हणून सांगत असेल किंवा दोन मिनिटांत 'नाही' म्हणून हसत असेल, तर दुसरा डॉक्टर गाठा.

"पण मग गोळ्या! त्या म्हणजे नशाच ना?" मिथाइलफेनिडेटवर आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याचं नियंत्रण आहे हे खरं, आणि असायलाच हवं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते घ्यायचं नाही, सुरू करण्याआधी ब्लड प्रेशर आणि हृदय तपासायचं. ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक गटातलं नाही, तोही पर्याय आहे. सगळ्यांना औषध लागतं किंवा मानवतं असंही नाही. पण न घेण्याचीही किंमत असते. स्वीडनमध्ये सतरा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन-अपघातांचं प्रमाण बरंच कमी दिसलं (स्त्रियांमध्ये तसा स्पष्ट फरक दिसला नाही). रोज दुचाकीवरून हिंजवडीला जाणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आणि ऑफिसं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. म्हणजे सगळं शेवटी मॅनेजरच्या मर्जीवर. वेलनेस वीकमध्ये स्ट्रेस बॉल वाटणाऱ्या एचआरला माझं सांगणं आहे की बॉल राहू द्या. काम तोंडी सांगता ते लेखी द्या. महिन्याच्या एका डेडलाइनऐवजी आठवड्याच्या चार द्या. सकाळचे दोन तास मीटिंगशिवाय सोडा. याला एक रुपया लागत नाही आणि ज्यांना एडीएचडी नाही त्यांचंही काम सुधारतं.

थोडक्यात काय, "सगळ्यांनाच असतो" हे वाक्य वरवर समजूतदार वाटतं, पण ते समोरच्याचं तोंड बंद करतं. एखाद्याने वीस-पंचवीस वर्षं स्वतःला नालायक समजून शेवटी धीर करून विचारायचं ठरवलं असतं, आणि तुम्ही मठ्ठ्याची वाट बघता बघता त्याला परत घरी पाठवता. यापुढे कोणी सांगितलं की "मला असं असं होतं", तर एवढंच विचारा: "कधीपासून?" आणि मग गप्प बसून ऐका.

ज्यांना वाचताना आत कुठेतरी लागलं असेल त्यांच्यासाठी: सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा नंबर 'नंतर' सेव्ह करू नका. तुमचं 'नंतर' काय असतं ते मला माहीत आहे.