खर्ज हवा, गढूळपणा नको

धर्माबादचे नाव काढले की लोकांना लाल मिरचीची बाजारपेठ आठवते. इलेक्ट्रिक गिटार कोणाला आठवत नाही. तरीही स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवातील गाण्यांचा कार्यक्रम असो की जयंतीचा ऑर्केस्ट्रा असो, हे वाद्य आता आपल्या व्यासपीठावर चांगलेच रुळले आहे. आणि ते जेथे जेथे वाजते तेथे श्रोत्यांची एक तक्रार हमखास कानी येते. गिटारचा आवाज येतो, पण ती काय वाजवते आहे ते कळत नाही. नुसता एक घुमारा येतो आणि त्या घुमाऱ्यात गायकाचे शब्दही बुडून जातात. या तक्रारीचे खापर बहुधा वाद्याच्या किमतीवर फोडले जाते. मला हे मान्य नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की हा दोष पैशाचा नसून समजुतीचा आहे, आणि त्यावरचा उपाय नवीन काही जोडण्यात नसून असलेले काही कमी करण्यात आहे.

आधी दोष कोठून येतो ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार त्याच्यावर थरथरली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे अँप्लिफायरकडे जाते. बहुतेक गिटारींना असे दोन किंवा तीन पिकअप असतात. एक ब्रिजजवळ, म्हणजे तार जेथे बांधलेली असते तेथे, आणि एक मानेच्या टोकाशी. या दुसऱ्याला वादक ‘नेक पिकअप’ म्हणतात. बांधलेल्या टोकाशी तार फारशी हलत नाही. जसजसे मध्याकडे जावे तसतसे तिचे हेलकावे मोठे होतात. नेक पिकअप ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांशावर येतो आणि ब्रिजचा पिकअप सुमारे एक सोळांशावर. केवळ या जागेच्या फरकामुळे तारेचा मूळ स्वर नेक पिकअपला सुमारे साडेतीन पट अधिक मिळतो. मूळ स्वराच्या वरचे जे बारीक स्वरांश आवाजाला धार देतात, ते मात्र त्या मानाने मागे पडतात. त्यातच खर्जाच्या तारा जाड; त्यांत पोलाद अधिक, म्हणून त्यांचा आवाजही अधिक. गोडवा आणि गढूळपणा हे दोन्ही या एकाच जागेचे अपत्य आहे.

गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. ज्याला आपण गढूळपणा म्हणतो तो मात्र बहुधा त्याच्याही वर, साधारण १५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात साचतो. आता मानवी कानाचा एक धर्म असा की मोठा खालचा आवाज आपल्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. उलट मात्र तितकेसे घडत नाही. १९२४ साली वेगेल आणि लेन या अमेरिकी संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. आपली भाषा कळते ती प्रामुख्याने व्यंजनांमुळे, आणि स, श, त, क यांसारख्या व्यंजनांचा आवाज बारीक व वरच्या पट्टीतला असतो. म्हणजे गिटारचा बास बेताल वाढला की पहिला बळी गिटारचा जात नाही. तो कवीच्या शब्दाचा जातो. म्हणूनच कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टीत लक्ष घातले पाहिजे असे मी म्हणतो.

आपल्याकडील ऑर्केस्ट्रात या खालच्या पट्टीत किती गर्दी असते पाहा. तबल्याचा डग्गा तेथे, ढोलकीची धुमाळी तेथे, ऑक्टोपॅडचा ठोका तेथे, कीबोर्डवाल्याचा डावा हात तेथे, आणि बास गिटार असली तर तीही तेथेच. तिची जाड तार तर ४१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार टोनी वाझ यांच्या हाती असे, तर भूपिंदर सिंग यांच्यासारखे वादक दुसरी गिटार वाजवीत. ज्याचे काम त्याच्याकडे होते. आमच्याकडे मात्र प्रत्येकालाच आपला आवाज ‘भारदस्त’ हवा असतो. एकाच बाकावर सहा जण बसले तर कोणालाच नीट बसता येत नाही, तशी ही अवस्था आहे.

मग करावे काय? सर्वांत पहिला उपाय एका स्क्रूड्रायव्हरचा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पिकअपच्या दोन्ही बाजूंना उंची कमीजास्त करण्याचे स्क्रू असतात. नेक पिकअपची जाड तारांकडील बाजू अर्धा-अर्धा फेरा करत खाली उतरवावी आणि प्रत्येक वेळी वाजवून पाहावे. पातळ तारांकडील बाजू तशीच ठेवावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून मोजले तर साध्या एका वेटोळ्याच्या पिकअपसाठी जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि पातळ तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर अंतर ही चांगली सुरुवात होय. दुहेरी वेटोळ्याचा पिकअप असेल तर खर्जाकडे याहूनही अधिक उतरावे लागेल. आवाज थोडा लहान होतो, तो अँप्लिफायरवर वाढवून घेता येतो. पण जी स्पष्टता येते ती कोणत्याही नॉबने येत नाही.

दुसरी गोष्ट जोडणीची. आपल्याकडे बहुतेक वेळा गिटार सरळ मिक्सरला लावतात. गिटारच्या पिकअपला सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटचा रोध त्याच्या तुलनेने फारच थोडा, अनेकदा दहा-वीस हजार ओहमच असतो. अशा जोडणीत पिकअपचा वरचा बारीक आवाज तेथल्या तेथे मरतो आणि उरतो तो बसका आवाज. लांबच लांब केबल हेच काम हळूहळू करते. म्हणून मध्ये गिटारसाठीचा अँप्लिफायर किंवा डीआय बॉक्स हवा, अथवा मिक्सरवर गिटारसाठी वेगळा इनपुट दिला असेल तर तोच वापरावा. अनेकदा ज्याला आपण ‘बास जास्त’ म्हणतो तो प्रत्यक्षात ‘ट्रेबल मेलेला’ असतो.

तिसरा उपाय रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात काही रुपयांत होतो. नेक पिकअपची तार निवडीच्या स्विचकडे जाते, तेथे मध्ये एक लहान कपॅसिटर डाग देऊन बसवावा. गिटारचा व्हॉल्यूम ५०० किलोओहमचा आणि पुढचा इनपुट दहा लाख ओहमचा धरला, तर ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू उतरवू लागतो, ०.००२२ चा घेतला तर ती मर्यादा सुमारे २०० हर्ट्झपर्यंत वर येते. अंगावर अनुक्रमे ४७२ आणि २२२ असे छापलेले हे कपॅसिटर असतात. पसंत पडले नाही तर काढून टाकता येतात. वाद्याला काही इजा होत नाही.

आवाज फाडून वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. डिस्टॉर्शन लावायचे असेल तर बास त्याच्या आधी कापावा, नंतर नव्हे. खर्ज एकदा फाटला की त्याचा चिखल सर्व पट्ट्यांत पसरतो आणि मग तो निवडून काढता येत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या इबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फाडण्याच्या टप्प्यावरच कमी ठेवला जातो. त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण हेच आहे.

यावर मित्रमंडळी म्हणतात, “बास काढला तर आवाजात दम काय राहणार?” या आक्षेपाला टेलिफोनने केव्हाच उत्तर दिले आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर तर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा. म्हणजे तो त्या तारेतून नीट जातच नव्हता. तरीही पुण्या-मुंबईहून वडील बोलले की त्यांचा आवाज बारीक झाला असे कोणाला वाटले का? वरचे स्वरांश ऐकून मूळ स्वर आपला कानच मनात जुळवून घेतो. खर्जाचे वजन केवळ खालच्या आवाजात नसते, त्याच्या वरच्या स्वरांशांतही असते. ते स्वच्छ ठेवले तर थोडा बास कमी करूनही आवाज पोकळ होत नाही.

आणि हे ज्ञान काही परदेशातून यायला नको होते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात ती कशासाठी? घोडीवर तारेखाली एक बारीक सुताचा धागा सरकवतात आणि त्या एका धाग्याने खर्जाची तार नुसती घुमायची थांबून बोलू लागते. तिच्यातून वरचे स्वरांश झरू लागतात. आपल्या गावोगावच्या भजनात पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात. ती किती लावायची हे वादक दर वेळी हाताने ठरवतो. जास्त झाली तर थोडी खरवडून काढतो. ज्या टाळकऱ्यांनी कधी हर्ट्झ हा शब्द ऐकला नाही, त्यांना खर्ज माणसाळवावा लागतो हे पक्के ठाऊक आहे. आमचा गिटारवादक मात्र नॉब शेवटपर्यंत फिरवतो आणि निश्चिंत होतो.

गिटार बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलाच होता. १९६७ पर्यंतच्या फेंडर टेलिकास्टर गिटारीत स्विचची एक जागा अशी होती की नेक पिकअपचा ट्रेबल मुद्दाम कापला जाई, आणि गिटारीतून बाससारखा आवाज काढावा अशी त्यामागे कल्पना होती. ती पुढे सोडून देण्यात आली. उलट १९६२ मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या जॅग्वारमध्ये बास कापणारा एक स्वतंत्र स्विच दिलेला होता. म्हणजे बास कमी करणे हा गरिबाचा जुगाड नसून कारागिराचा विचार आहे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? ब्रिजचा पिकअप लावावा आणि मोकळे व्हावे. पण मग आपल्या गाण्याचे काय? भावगीत आणि अभंग यांना जो गोल, गळ्याजवळचा स्वर लागतो, मींड घेताना जो मऊपणा लागतो, तो नेक पिकअपकडेच आहे. ब्रिजचा स्वर टोकदार. तो तालाला शोभतो, आळवणीला नाही. नेक पिकअप टाकून देणे म्हणजे पावसाळ्यात गोदावरीचे पाणी गढूळ येते म्हणून नदीकडेच पाठ फिरवणे. आपल्या आयाबायांनी तसे केले नाही. त्यांनी हंड्यात तुरटी फिरवली.

येथे एका व्यवहाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हाच प्रश्न घेऊन मी एका मोठ्या शहरातील वाद्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने गिटार हातातही न घेता पिकअप बदलण्याचा सल्ला दिला. त्या पिकअपची किंमत माझ्या गिटारच्या किमतीच्या जवळपास होती. आमच्या भागातील विद्यार्थी हंगामात मिरचीच्या आडतीवर किंवा शेतात काम करून असे एखादे वाद्य घेतो. त्याला आधी स्क्रू दाखवावा, मग दुकान दाखवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. लहान गावात दुरुस्तीचा कारागीर मिळत नाही. म्हणून लहान गावच्या वादकाला आपले वाद्य शहरातल्या वादकापेक्षा अधिक कळले पाहिजे.

आणखी एक सवय मोडली पाहिजे. आपण घरी लहान आवाजात वाजवून नॉब ठरवतो आणि तसेच व्यासपीठावर जातो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की लहान आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो अधिक भरतो. घरी जो स्वर भरीव वाटला तोच पटांगणात चिखल होतो. त्यामुळे जेथे आणि जितक्या मोठ्याने वाजवायचे तेथेच, तितक्याच मोठ्याने नॉब ठरवणे भाग आहे.

म्हणून आगामी स्नेहसंमेलनासाठी माझी एक साधी सूचना आहे. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास सर्व वादकांनी एकत्र वाजवावे. गिटारचा बास प्रथम शून्यावर ठेवावा, मिक्सरवरचे लो-कटचे बटण दाबावे, आणि मग लागेल तेवढाच बास हळूहळू वाढवावा. हा निर्णय वादकाने घेऊ नये. ज्याला गाणे पाठ नाही अशा एका श्रोत्याला शेवटच्या रांगेत बसवावे आणि त्याला गाण्याचे शब्द कागदावर लिहायला सांगावे. त्याचा कागद कोरा राहिला तर बास अजून जास्त आहे असे समजावे. मग तो कोणाला कितीही भारदस्त वाटो.