बंधाऱ्याचे बरगे कुठे गेले?



पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घालायचे असतात. आपल्या जिल्ह्यात किती ठिकाणी ते वेळेवर पडतात? कुठे बरगे भंगारात गेले, कुठे गोठ्याच्या आडोशाला लागले. साहेब म्हणतात, गावाला जाण नाही. आम्ही विचारतो, ते पाणी होतं कुणाचं? नाल्याकाठच्या चार विहिरींना पाझर फुटतो. माळावर कपाशी आणि ज्वारी करणाऱ्याला, रोजाने जाणाऱ्या बाईला त्यातलं काय मिळतं? मग त्यांनी राखण कशापायी करायची?

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणूस कारखानदार, पण गाठ बरोबर ओळखली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं. घरात माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, बटाईने शेत करून त्याने ते वापरावं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरायचा, पाणी सोडायला पाटकरी त्यांनीच नेमायचा.

ऊस मात्र बंद. काय पिकवावं हे दुसऱ्याने सांगितलेलं आम्हाला रुचत नाही. पण इथे हुकूम सरकारचा नव्हता. पाणी थोडं, खाणारी तोंडं जास्त, हा हिशेब पैसे भरणाऱ्यांनीच मान्य केला होता.

2015 पासून ग्रामपंचायतीने गावाचा विकास आराखडा स्वतः करायचा आहे. बहुतेक आराखड्यांत काय दिसतं? सभामंडप, पेव्हर ब्लॉक, कमान. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. ती रजिस्टरात होते, सह्या घरपोच गोळा होतात. पाण्यासाठी पायपीट करणारी बाई जिथे बोललीच नाही, तो आराखडा ठेकेदाराचं बिल निघेपर्यंतच टिकतो.

या बैठकीला येताना आपल्या गावचा आराखडा सोबत आणा. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहून आणा: पाणी कुणाच्या शेतात जाणार, आणि पाच वर्षांनी गाळ कोण काढणार. दुसरा रकाना कोरा राहिला तर कोराच आणा. आधी त्याच कामांवर बोलू. आणि मायबहिणींना मागे सतरंजीवर नको, पुढे बसवा.