मामांचे प्रमाणपत्र

चंद्रपूरला माझ्या मामांच्या घरी देवघराशेजारी एक चौकट टांगलेली आहे. तीत कोणी पूर्वज नाही, लग्नाचा फोटो नाही; मामांनी संगणकाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आहे. मामींनी दर दिवाळीला ते पुसून पुन्हा टांगायचे आणि मामांनी तिकडे पाहायचे नाही, असा त्या घरचा रिवाज होऊन बसला आहे.

मामा १९ वर्षे भूमिगत कोळसाखाणीत होते, पण कंत्राटदाराकडे. खाण बंद झाली तेव्हा कायम कामगारांच्या दुसऱ्या खाणींवर बदल्या झाल्या, आणि मामांसारख्यांना ‘नवे कौशल्य’ देण्याचे पुण्यकर्म एका संस्थेने अंगावर घेतले. मामांचे वय तेव्हा ४४.

“काहून रे बाबू, हे शिकून जाऊ कुठं?” पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारले.

मी शिकलासवरलेला भाचा! मी म्हणालो, “मामा, आधी शिका तर खरे. नोकरी मागाहून येईलच.”

त्या वाक्याची मला आज लाज वाटते. मामा हल्ली रात्रपाळीला एका एटीएमच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. संगणकाशी त्यांचा संबंध आला तो एवढाच.

हा भाबडेपणा माझा एकट्याचा होता असे मात्र समजू नका. मोठमोठ्यांना तो जडला आहे. २०१९ च्या डिसेंबरात जो बायडन अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी मागत होते, तेव्हा त्यांनी एका सभेत सांगितले की, जो भट्टीत कोळसा टाकू शकतो तो प्रोग्रॅम लिहायलाही शिकू शकतो. शिकू शकतो, यात वाद नाही. पण अशा बोलण्यामागे खाणकामगार म्हणजे फावडे धरलेले दोन हात, वर डोके असलेच तर रिकामे, असे एक चित्र असते; आणि माझे पहिले भांडण त्या चित्राशी आहे.

मामांचे डोके रिकामे नव्हते. खाणीत ते सब्बल छतावर ठोकून आवाज ऐकत. खणखणीत आला तर दगड धड आहे. बद्द आला तर वरचा थर सुटला आहे, माणसे मागे घ्या. हवा कोठे कोंदली, पाणी कोणत्या बाजूने झिरपते, टेकू कोठे कुरकुरतो, हे त्यांना अंधारात कळत असे. एका दिवाळीत आमच्याकडे रंगाचे काम चालले होते, तेव्हा मामांनी काठीने छत ठोकून “इथं खाट टाकू नका” म्हणून बजावले. पुढच्या पावसाळ्यात नेमका तिथलाच गिलावा खाली आला. आता संगणकाच्या वर्गात त्यांना पहिल्या दिवशी काय विचारले म्हणता? शिक्षण किती! मामा म्हणाले, सातवी. कागदावर सातवी लिहिली गेली आणि १९ वर्षे खोडली गेली.

“मग जर्मनीत कसे जमले?” असे कोणी विचारील. जरूर विचारावे, पण उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. १९५७ साली जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांवर माणसे होती. बॉट्रॉपची अखेरची खाण बंद झाली ती २१ डिसेंबर २०१८ रोजी. मध्ये ६१ वर्षे गेली! अखेरच्या खाणी २०१८ पर्यंत मिटवायच्या, हे २००७ सालीच ठरले होते, आणि सक्तीने कोणाला घरी बसवायचे नाही हेही ठरले होते. पन्नाशी गाठलेल्या भूमिगत कामगाराला निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत खर्चाची रक्कम मिळे. कोळशाच्या त्या पट्ट्यात बोखूमला १९६५ मध्ये विद्यापीठ उघडले. त्याआधी, १९६२ मध्ये, तेथे खाणीच्या जागेवर मोटारींचा कारखाना निघाला होता. म्हणजे आधी काम आले, मग कामापुरते शिकणे आले. तो कारखानाही २०१४ साली बंद पडला, हे सांगितले पाहिजे. तेथेही सारे गोकुळ नाही. उलट इंग्लंडात यॉर्कशायरची कॉर्टनवुड खाण बंद करण्याच्या घोषणेतून १९८४ चा तो वर्षभराचा संप पेटला. त्या जागी आता दुकाने आहेत.

खाणी चालूच ठेवा, असे माझे म्हणणे नाही. माझ्या आजोबांचा खोकला ऐकत मी लहानाचा मोठा झालो. कोळसा आज ना उद्या जायचाच आहे, आणि जावा.

पण जाताना हिशेब कोणाचा होतो, ते पाहा. २००९ पासून आपल्याकडे प्रत्येक कोळसाखाणीला ती बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावा लागतो. फार चांगली गोष्ट. आराखड्यात माणसांचा उल्लेख नसतो असे नाही. पण बाजूला टाकायचा पैसा ठरतो तो हेक्टरी दराने. जमिनीची तजवीज खाण चालू असतानाच सुरू होते आणि माणसाची तजवीज खाण मिटल्यावर, तीन महिन्यांत, खडूफळ्यावर! मामांच्या नावे पहिल्या वर्षापासून हेक्टराइतकी जरी रक्कम बाजूला पडली असती! आणि बंद खाणीतच काम थोडे का असते? पाणी उपसायचे, तोंडे बुजवायची, खचणाऱ्या जमिनीवर नजर ठेवायची, माती पसरून झाडे जगवायची. मामांना त्यातले निम्मे आधीच येत होते, उरलेले ते मजुरी घेत घेत शिकले असते. पण कंत्राटदाराच्या वहीत त्यांचे नाव कधी होते, कधी नव्हते. ज्याचे नाव नाही, त्याच्यासाठी पैसा बाजूला टाकणार कोण?

“तुमच्या मामांना शिकायचेच नव्हते,” असे त्या संस्थेतल्या एका गृहस्थांनी मला ऐकवले. तीन महिने एक दिवस न चुकता, दोन बसगाड्या बदलून जाणाऱ्या माणसाविषयी ते बोलत होते. किती विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे मिळाली, ते त्यांना तोंडपाठ होते. किती जणांना वर्षभरानंतर पगार मिळत होता, हे विचारल्यावर त्यांनी चहा मागवला.

यंदा दसऱ्याला त्याच संस्थेचे दुसरे पत्र आले: मोबाइल दुरुस्तीचा वर्ग, मुदत दोन महिने. मामांनी पत्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, “आपल्या बाजारात अशी दुकानं किती हायेत रे बाबू?”

या वेळी मी उपदेश केला नाही. चपला घातल्या आणि मोजून आलो. एका गल्लीत अकरा.