खसखशीची पुडी आणि दुबईचं विमान



परगावच्या माणसाकडे जायचं ठरलं, की आपल्याकडे सर्वांत आधी काय बाहेर निघतं? पिशवी! आजी लोणच्याची बरणी पुढं करते, आई डब्यात चकल्या भरते, शेजारच्या काकू "एवढं माझ्या भाच्याला द्या हं" म्हणून आणखी एक पुडकं आणून ठेवतात. विमानानं जायचं असेल तर सामानाचं वजन करायची आठवण सगळ्यांना असते. पण त्या सामानात काय चालतं आणि काय चालत नाही, हे किती जण विचारतात?

आज आपण दुबईला जाऊ या. तुमच्यापैकी अनेकांचे बाबा, मामा, आत्या तिकडं नोकरीला असतील. सुटीत तुम्हीही जात असाल. मुंबईहून जेमतेम तीन तासांचं अंतर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. उतरलं की कानावर हिंदी पडतं, मल्याळम पडतं, आणि एखाद्या दुकानात चक्क मराठीसुद्धा! कारण त्या देशात राहणारी बहुतेक माणसं बाहेरून आलेली आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा गट आपल्या भारतीयांचा आहे. एवढंच काय, एके काळी तिथं आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखाती भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि त्या तिथं १९६६ पर्यंत वापरात होत्या.

म्हणजे दुबई अगदी घरच्यासारखी वाटते. आणि मित्रांनो, गंमत इथंच आहे. जी जागा घरच्यासारखी वाटते, तिथंच आपण विसरतो, की हे घर दुसऱ्याचं आहे!

दुबई हा देश नव्हे, बरं का. देशाचं नाव संयुक्त अरब अमिराती. अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा अशा सात अमिराती मिळून तो झाला आहे. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिराती एकत्र आल्या आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये रास अल खैमा त्यांना मिळाली. अबू धाबी ही राजधानी.

परक्या देशात पाळायच्या गोष्टींचे आपण तीन कप्पे करू. रीत, नियम आणि कायदा. रीत चुकली, तर लोक फार तर हसतात किंवा मनातल्या मनात नाराज होतात. नियम चुकला, तर दंड भरावा लागतो. आणि कायदा मोडला, तर पोलिसांशी गाठ पडते. तिथं "आम्हाला माहीत नव्हतं हो" हे उत्तर चालत नाही. म्हणून सुरुवात कायद्यापासून.

कायदा : स्वयंपाकघरातली पुडी

अनारशाला काय लावतात? खसखस! करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवांत, काही घरांतल्या मसाल्यातसुद्धा खसखस असते. पांढरे, मोहरीहून बारीक दाणे. त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण हीच खसखस संयुक्त अरब अमिरातींत न्यायला बंदी आहे. सौदी अरेबियात आणि सिंगापूरमध्येही आहे.

का बरं? खसखस कुठून येते ते आठवा. ती अफूच्या झाडाच्या बोंडातून येते. बोंड हिरवं असताना त्याला चीर दिली, की पांढरा चीक निघतो. तो वाळला की झाली अफू. बोंड पिकून सुकलं, की आत दाणे खुळखुळतात, तीच खसखस. दाणे खाऊन नशा येत नाही, पण चिकाचा अंश त्यांना लागलेला असू शकतो आणि त्यात मॉर्फिन असतं. त्या देशांचा कायदा म्हणतो, अफूच्या झाडाचा दाणासुद्धा आमच्या हद्दीत नको.

यात "त्यांचं काहीतरीच" असं म्हणण्यासारखं नाही. आपल्याकडेही अफूची शेती कुणालाही करता येत नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतल्या ठरावीक भागांतच ती होते आणि तीही सरकारचा परवाना घेऊन. परवान्याशिवाय अफू लावली, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं आपल्याकडेही तुरुंग आहे. फरक एवढाच, की आपण दाण्याला मोकळीक दिली आणि त्यांनी दिली नाही.

तेव्हा दुबईला फराळ न्यायचा असेल, तर अनारशांना तीळ लावायला सांगा. मसाल्याच्या डब्यात खसखस नाही ना, हे आईला विचारा. आणि पूजेसाठी म्हणून विड्याची पानं घेतली असतील, तर तीही घरीच ठेवा. दुबईच्या कस्टम्सच्या यादीत पानाचंही नाव आहे.

दुसरी वस्तू औषधांची. आजोबांच्या गुडघेदुखीची गोळी, ताईच्या खोकल्याचं औषध. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. डॉक्टरांनी दिली, तर ती औषधंच असतात. पण अमिरातींत अशी औषधं आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. ही परवानगी ऑनलाइन मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ पाकीट जवळ हवंच. गोळ्या पाकिटातून काढून रिकाम्या डबीत भरायची आपली सवय तिथं महागात पडेल.

आणि शेजारच्या काकूंचं ते पुडकं? त्यात काय आहे ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. यात संशय घेण्यासारखं काही नाही. तपासणीच्या टेबलावर बॅग ज्याची, जबाबदारी त्याची. काकू तर गावातच असतील!

कायदा : हातातला फोन

आता मोठ्या मुला-मुलींनी कान देऊन ऐका. रस्त्यात कुणी छान पोशाख केलेला दिसला, की लगेच फोन काढून फोटो, असं तिथं करायचं नाही. दुसऱ्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढणं आणि पसरवणं हा तिथं गुन्हा आहे. २०२१ च्या सायबर कायद्यात त्यासाठी किमान सहा महिने कैद किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एक दिरहम म्हणजे वीस रुपयांहून जास्त. करा गुणाकार! लष्करी ठाणी आणि सरकारी इमारती यांचेही फोटो काढू नयेत.

चिडून फोनवरून कुणाला शिवी लिहिणं, हाही तिथं गुन्हाच. रस्त्यात कुणाकडे पाहून हातानं घाणेरडी खूण केली, तरी पोलिसांत तक्रार होऊ शकते. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर जे "गंमत म्हणून" चालतं, त्यातलं किती तिथं चाललं असतं, याचा एकदा शांतपणे विचार करा. आणि खरं सांगायचं, तर ते इथं तरी चालावं का?

नियम : मेट्रो आणि रस्ता

दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली. ती चालकाविना धावते, म्हणून मुलं अगदी पुढच्या काचेशी जाऊन उभी राहतात. जरूर उभं राहा. पण तोंडात चॉकलेट नको. मेट्रोत खाल्लं किंवा प्यायलं, तर १०० दिरहम दंड. च्युइंगमही नाही आणि समोरच्या सीटवर पायही नाहीत. आपल्या लोकलसारखी बायका आणि मुलांसाठी तिथं राखीव जागा असते. तिथं पुरुष उभा राहिला तर त्यालाही दंड. बाबांना आठवण करून द्यायचं काम तुमचं!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मी वर्गात रस्ता ओलांडायला कसं शिकवते? आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. कारण आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात आणि पहिली गाडी उजवीकडून येते. दुबईत वाहनं उजव्या बाजूनं चालतात. म्हणजे पहिली गाडी डावीकडून येणार! तिथं आधी डावीकडे पाहायचं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. लहानपणापासून मानेला लागलेली सवय एका दिवसात बदलत नाही. म्हणून पहिले काही दिवस मोठ्यांचा हात सोडू नका. आणि रस्ता फक्त खुणेच्या पट्ट्यांवरून किंवा पुलावरून ओलांडा. मधूनच धावत गेलात तर दंड तर होतोच, पण गाड्यांचा वेग पाहता दंडाची भीती नंतरची.

रीत : कॉफीचा छोटा कप

कायदा आणि नियम झाले. आता जरा गोड भाग, म्हणजे खजूर आणि कॉफी.

अरबी घरात पाहुणा आला, की खजूर पुढं येतो आणि 'गहवा' येतो. गहवा म्हणजे वेलदोडा वगैरे घातलेली कॉफी. तिच्या किटलीला 'दल्ला' म्हणतात आणि कान नसलेल्या चिमुकल्या कपाला 'फिंजान'. वाढणारा डाव्या हातात दल्ला धरतो आणि उजव्या हातानं कप देतो. आपणही उजव्या हातानंच घ्यायचा. हे आपल्याला सांगावं लागत नाही, प्रसाद आपण कोणत्या हातानं घेतो? पहिला मान वयानं मोठ्या किंवा विशेष पाहुण्याचा.

कप पाव भागच भरतात. "एवढीच?" असं मनात आणू नका. संपली की पुन्हा ओततात, पुन्हा संपली की पुन्हा ओततात. मग थांबायचं कसं? आपण ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणतो. तिथं रिकामा कप हातात धरून किंचित हलवायचा, की वाढणारा समजतो. निदान एक कप घ्यावा आणि तिनाहून जास्त घेऊ नयेत, अशी साधारण पद्धत आहे. ही कॉफी देण्याची रीत युनेस्कोनं २०१५ मध्ये मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आहे.

आणखी काही रीती. घरात जाताना चपला बाहेर. भेटल्यावर "अस्सलामु अलैकुम", आभार मानायचे तर "शुक्रन". अनोळखी बाईंपुढे पुरुषानं आपणहून हात करू नये, त्यांनी पुढं केला तरच हात मिळवावा. नाही तर आपला उजवा हात छातीवर ठेवून नमस्कार करावा. मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे बरे. अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहायला जाल, तर अंगभर कपडे हवेत आणि मुली-बायकांनी डोकंही झाकायचं.

रमजानच्या महिन्यात गेलात, तर उपास करणारी माणसं दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाहीत. पूर्वी दुबईत दिवसा उघडी राहणारी उपाहारगृहं पडदे लावून झाकावी लागत. २०२१ पासून ती सक्ती नाही. तरीही उपाशी माणसासमोर वेफर्सचं पाकीट फोडायचं नाही, हे सांगायला कायदा कशाला हवा? आजीच्या निर्जळी एकादशीला आपण तिच्यासमोर बसून भेळ खातो का?

आणि आपल्याकडे येणारा पाहुणा?

आता उलट विचार करा. परदेशातला एखादा मुलगा तुमच्या घरी आला. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार का करतो, हे त्याला कसं कळणार? देवळात चपला कुठं काढायच्या, कोणत्या देवळात फोटो चालत नाही, हे त्याला कोण सांगणार? आपल्याकडेही कडक कायदे आहेत. डोंगरात भटकणारे परदेशी प्रवासी उपग्रहाशी थेट जोडणारा फोन जवळ ठेवतात. त्यांच्या देशात ती साधी वस्तू. भारतात मात्र परवानगीशिवाय तो आणणं गुन्हा आहे आणि त्यापायी विमानतळावर प्रवासी पकडले गेले आहेत. त्यांच्या बॅगेतला तो फोन आणि आपल्या बॅगेतली खसखस, दोन्ही सारखंच. घरी साधी वस्तू, परदेशात गुन्हा!

घरी करायचा अभ्यास : तुमच्याकडे पहिल्यांदाच येणाऱ्या परदेशी पाहुण्यासाठी एक कागद तयार करा. त्यावर तीन कप्पे पाडा, रीत, नियम आणि कायदा. प्रत्येकात निदान तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीसमोर "का?" याचं उत्तरही लिहा. ते सापडलं नाही, तर आजोबांना विचारा.

पालकांसाठी : तिकीट काढल्यावर लगेच, म्हणजे सामान भरायच्या आधी, त्या देशाच्या वकिलातीच्या आणि कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी वाचा. नियम बदलत असतात, म्हणून ओळखीच्यांच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. औषधांची चिठ्ठी, पासपोर्टच्या प्रती आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा फोन नंबर एका पाकिटात ठेवा. आणि सामान भरताना मुलांना शेजारी बसवा. यादी मोठ्यानं वाचायचं काम त्यांना द्या. एखादी पुडी राहून गेली, तर ती त्यांच्याच नजरेला आधी पडेल!