परमिट म्हणजे कॅनडाचा उपकार नव्हे

पोस्ट मोठी आहे. पण घरात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाचं लेकरू असेल आणि कॅनडाचं बोलणं चालू असेल, तर पूर्ण वाचा.

२०२४ च्या मे महिन्यात कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांतात भारतीय पोरं उपोषणाला बसली होती. शिक्षण झालेलं, वर्क परमिट संपत आलेलं आणि प्रांताने पीआरचे नियम मधेच बदललेले. तेव्हाच्या आपल्याकडच्या कमेंटी आठवा. 'शिकायला गेले होते ना, मग शिकून परत या.' 'दुसऱ्याच्या देशात जाऊन आंदोलन कसलं करता?' आजही असा फोटो आला की हीच टेप सुरू होते. मला याचा राग येतो, कारण बोलणाऱ्याने व्यवहारच बघितलेला नसतो.

व्यवहार असा आहे. ओंटारिओ सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि पुढे तिथेच गोठवली. कॉलेजांचा खर्च काही कमी झाला नाही. मग खड्डा भरला कोणी? ओंटारिओच्या महालेखापरीक्षकांचा २०२१ चा अहवाल काढून बघा. तिथल्या सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी ३० टक्के, पण फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांत ६२ टक्के आपले, भारतातले. म्हणजे तिथल्या पोरांची स्वस्त फी इथल्या बापाच्या कर्जावर चालली होती.

एवढे पैसे कुणी डिप्लोमाच्या कागदासाठी भरत नाही. पैसे भरले जातात ते त्यानंतरच्या वर्क परमिटसाठी, आणि हे कॉलेजलाही माहीत होतं, सरकारलाही. लपवलं कुणी? २०२१ मध्ये तिथले इमिग्रेशन मंत्रीच सांगत होते की नुसतं शिकायला येऊ नका, इथेच राहा. त्या वर्षी तिथे शिकलेल्यांसाठी पीआरच्या ४०,००० जागा काढल्या, त्या साधारण एका दिवसात भरल्या. ही जाहिरात आपल्याकडच्या एजंटाने केलेली नाही. ओटावातून झाली.

मग घरभाडी भडकली, निवडणुका दिसायला लागल्या, आणि गरज सरो वैद्य मरो. २०२४ च्या जानेवारीत स्टडी परमिटवर मर्यादा आली. खर्चापोटी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून थेट २०,६३५. सरकारी कॉलेजच्या नावाने खाजगी संस्थेत चालणाऱ्या कोर्सला मे २०२४ नंतर प्रवेश घेणाऱ्यांना वर्क परमिट बंद. १ नोव्हेंबरपासून कॉलेज डिप्लोमावाल्यांना ठराविक विषयांतच परमिट. बिझनेस मॅनेजमेंट, हॉटेल-टुरिझमची बहुतेक दुकानं मिटली.

आता माझं म्हणणं नीट ऐका. देश त्यांचा, दार त्यांचं. उद्यापासून एकही परमिट देणार नाही, असं नव्या अर्जदाराला सांगायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. विषयाची अट त्यांनी निदान नव्या अर्जांनाच लावली, ते ठीक. पण भाषेच्या परीक्षेची अट? ती आत शिकत असलेल्यांनाही लावली. बरं, प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस अकॅडेमिक चालत नाही, जनरल पुन्हा द्या. दोन वर्षं तिथल्याच वर्गात इंग्रजीतून शिकलेल्या पोराला! आधी पूर्ण फी घ्यायची आणि अटी नंतर सांगायच्या. असं आपल्याकडच्या एखाद्या बिल्डरने केलं तर आपण त्याला काय म्हणतो?

आणि मुळात परमिटचं गणितच बघा. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. कोर्स दोन वर्षांपेक्षा कमी असेल (मास्टर्स सोडून), तर जेवढा कोर्स तेवढं परमिट. एक वर्षाचा डिप्लोमा, एक वर्षाचं परमिट. पीआरसाठी कॅनडातल्या अनुभवाचा जो मुख्य रस्ता आहे, त्याला एक वर्षाचं कुशल काम लागतं. शिकताना केलेलं काम धरत नाहीत. कॉफीच्या दुकानातलं काउंटर, गोदामातलं हमालीचं काम धरत नाहीत. म्हणजे परमिट हातात पडलं त्या दिवशीच चांगली नोकरी लागली पाहिजे आणि एक दिवस खाडा न होता टिकली पाहिजे. कुणाला लागते?

इकडे बँकेचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. नेमकं तेव्हाच परमिट संपतं! साडेसात लाखांच्या वरचं कर्ज असेल तर बहुतेक वेळा घर नाहीतर प्लॉट तारण असतो. पोरगं परत आलं तर रुपयांत कमवून ते डॉलरचं ओझं फेडणार. 'शिकून परत या' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

आपले 'फॉरेन एज्युकेशन'वालेही काही साधू नाहीत. सल्ला फुकट असतो, कारण कॉलेज त्यांना पहिल्या वर्षाच्या फीतून कमिशन देतं. ज्या कॉलेजचं कमिशन जास्त, ते कॉलेज तुमच्या मुलासाठी 'बेस्ट'. १९८३ चा परदेशगमनाचा कायदा आहे तो नोकरीला माणसं पाठवणाऱ्यांसाठी, शिकायला पाठवणारे त्यातून सुटतात. पंजाबने २०१२ मध्ये वेगळा कायदा करून परवाना सक्तीचा केला. (तरीही २०२३ मधलं बनावट ऑफर लेटरचं प्रकरण जालंधरच्याच एजंटाचं निघालं, हेही खरं.) आपल्या आमदारांनी हा विषय कधी सभागृहात काढलाय का, विचारा त्यांना.

तोवर सल्लागाराकडून चार गोष्टी लेखी घ्या. कोर्सचा कोड काय आणि तो आज परमिटच्या यादीत आहे का. परमिट किती महिन्यांचं. शिकवणार कोण, सरकारी कॉलेज की दुसरंच कुणी. आणि या प्रवेशावर तुम्हाला कमिशन किती. यादी स्वतः सरकारी वेबसाइटवर तपासा, ती कधीही हलते. जून २०२५ मध्ये १७८ कोर्स काढले आणि दहा दिवसांच्या आत तात्पुरते परत घातले.

लेटरहेडवर सही-शिक्का मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा झाला, ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. सल्लागाराचं नाव मात्र इथे टाकू नका, मला मेसेज करा.